एक्केचाळिसावं भजन

हे सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. मुलाला सांगितलं नाही. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी माझ्या जुन्या सदराचं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा मी शाल खांद्यावर घेऊन मान खाली घालून बसलो, आणि लोकांना तो विनय वाटला. आता शहात्तरावं सरत आलंय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोन्ही गुडघे कुरकुरतात. लिहायचं तर आताच.

मी धाराशिवच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. ते दैनिक कधीच बंद पडलं. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, अशी पद्धत तेव्हा नवी होती. तोवर नगरसेवक आपसात ठरवायचे आणि आम्ही ते छापायचो. आता अध्यक्षपदाचे उमेदवार गल्लीबोळातून हात जोडत फिरायला लागले. मी सदर काढलं, ‘अध्यक्षांची आवड’. गावात जायचं, उमेदवाराच्या घरी चहा घ्यायचा, त्याच्या गल्लीतली एखादी गोष्ट लिहायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा : तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?

जिल्हाभर मिळून एक्केचाळीस उमेदवारांना विचारलं. त्यातल्या चाळीस जणांनी सांगितलं, भजन. ज्याचं दारूचं दुकान होतं त्यानं भजन सांगितलं. ज्याच्या घरात सिनेमाच्या गाण्याची कॅसेट चालू होती, त्यानं माझ्यादेखत हात लांब करून ती बंद केली आणि सांगितलं, भजन. मी ते इमानानं छापलं. लोक वाचून गालात हसायचे, आणि कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

एक्केचाळिसावी बाई होती. तिनं खरं सांगितलं, आणि वर म्हणाली, ‘हे लिहू नका.’ मी लिहिलं.

यंदा पुन्हा नगराध्यक्षांच्या निवडणुका लागल्या. भिंती रंगल्या, भोंगे सुरू झाले, आणि मी पिशवी भरली. तोच दौरा, तोच प्रश्न, आणि शेवटी जळकोट. ती बाई, पद्मिनबाई, आता तिथं लेकीकडं राहते. तिची माफी मागायची होती. धाराशिवहून जळकोट म्हणजे सकाळी निघालं तर जेवायला परत. पण मी तिकडं गेलो नाही. दक्षिणेला जायचं तर उत्तरेची एस.टी. धरली. भित्र्या माणसाच्या दौऱ्याला वळसे फार असतात.

एक सांगून ठेवतो. या लेखात यंदाच्या कुठल्याही उमेदवाराचं नाव नाही, आणि एका गावचा उमेदवार मी मुद्दाम दुसऱ्या गावात नेऊन बसवला आहे. नावापुढं गाणं लिहिलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे.

येरमाळा

येरमाळ्यात नगरपालिका नाही, त्यामुळं भोंगे नाहीत. एवढ्यासाठीसुद्धा उतरावं असं ते ठिकाण. ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. येडेश्वरीच्या डोंगराला मी खालूनच हात जोडले. पायऱ्या आता माझ्या नाहीत.

फाट्यावरच्या हॉटेलात भाकरी आणि येसरची आमटी खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : धान्य-डाळी भाजून, मसाला घालून पीठ करून ठेवतात, ते येसर. घरात भाजी नसली तरी त्या पिठावर पाहुणा जेवून जातो. पुण्याला मुलाकडं गेलो की सगळं मिळतं, हे मिळत नाही.

शेजारच्या बाकड्यावर अंकुशराव बसले होते. हलगी वाजवणारे. हलगी पिशवीत, पिशवी मांडीवर. मी विचारलं, "सीझन जोरात असेल तुमचा?"

"कसला सीझन, काका. पहिलं इलेक्शन म्हणलं की आमची दिवाळी असायची. आता डब्यात गाणं आलंय. आमाला फकस्त निकालाच्या दिशी बोलावत्यात. कोण का येईना, वाजवायचं."

"मग कोण निवडून यावं वाटतं?"

"ज्याच्या दारात झाड हाय त्यो," अंकुशराव म्हणाले. "निकाल दुपारी लागतोय. मागच्या बारीला उन्हात वाजवून वाजवून चक्कर आली मला."

हॉटेलवाला हसला. मीही हसलो. मग अंकुशरावांनी सहज विचारलं, "तुमी ते गाण्याचं लिहायचे, तेच न्हव का?" आणि मी घाईघाईनं हात धुवायला उठलो.

कळंब

कळंबच्या स्टँडवर उतरलो आणि डोकं भणाणलं. तीन प्रचाररिक्षा, तिन्हींवर एकच चाल. फक्त नाव वेगळं, चिन्ह वेगळं. ज्या चालीवर ‘विकासाची वाट’ होती, त्याच चालीवर ‘विकासाची लाट’ होती. एका रिक्षाच्या चालकाला थांबवून विचारलं, हे गाणं कुणी केलं? चाळिशीचा माणूस, तोंडात तंबाखू.

"मोबाइलनं," तो म्हणाला. "नाव सांगायचं, निशाणी सांगायची. च्या पिऊस्तोवर गाणं तयार."

"गायलं कुणी?"

"कुणीच न्हाय."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याला वाटलं मला ऐकू कमी येतं. तो मोठ्यानं ओरडला, "कुणीच गायलं न्हाय, आबा!"

याच माणसाची पुढं फजिती झाली. बाजारपेठेत उमेदवारानं स्वतः हात जोडलेले, मागं माणसं, आणि रिक्षातून विरोधकाचं नाव दुमदुमायला लागलं. दोन्ही उमेदवारांची गाणी एकाच मेमरी कार्डात भरलेली. उमेदवार अर्धी गल्ली तसाच हात जोडून चालला. चालच एक, त्याला तरी कसं कळणार! एका म्हातारीनं ओवाळताना विचारलं, "बाबा, तू नेमका कोण?"

इथवर ठीक होतं. पुढं जिथं गेलो, तिथं माझं रक्त तापलं.

जागा महिलांसाठी राखीव. पोस्टरवर उमेदवार बाईंचा फोटो पाव भाग, पतिराजांचा अर्धा. घरी गेलो तर बैठकीत पतिराज, भाऊजी, दोन कार्यकर्ते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाई. मी बाईंकडं बघून विचारलं, "तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?"

"मॅडमना भक्तिगीत आवडतं," पतिराज म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

"तेच सांगतोय की. मॅडमना भक्तिगीत."

"त्या इथं बसल्यात. त्यांना तोंड आहे."

भाऊजी म्हणाले, "काका, चहा घ्या. उन्हातून आलाय." म्हणजे निघा. मी इतका संतापलो होतो की बशीत चहा सांडला. पतिराजांवर चिडलो होतो हे खरं, पण कुठंतरी हेही कळत होतं की माझ्या जुन्या वहीत अशाच कितीतरी बायका आहेत, त्यांच्या नवऱ्यांनी सांगितलेली भजनं मी त्यांच्या नावावर मुकाट्यानं छापली आहेत.

ओसरीवर चपला घालत होतो. बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. हळूच म्हणाल्या, "काका, मला आता कोणतंच गाणं न्हाय आवडत. दिवसभर माझंच नाव वाजतंय. भांडी घासताना बी तेच."

केवढं वाक्य! माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला. शहात्तराव्या वर्षी, हे सगळं माहीत असताना, गेला. मी तो हात दुसऱ्या हातानं धरला आणि पाणी प्यालो.

तुम्ही म्हणाल, इथं तर लिहिलंतच. लिहिलं. पण त्या बाई कळंबच्या नाहीत, आणि जिथल्या आहेत तिथल्या कुणालाही हे घर सापडणार नाही. इतकं मी उशिरा का होईना शिकलो.

वाशीवरून भूम

वाशीत आठवडी बाजार होता. कांद्याची पात, वाल यांचे ढीग लागले होते, आणि बाजारात बसलेली माणसं निवडणुकीपेक्षा पाण्यावर जास्त बोलत होती. तिथं थांबलो नाही. भूमला मुक्काम केला, कारण भूमला खवा आहे. भट्ट्यांवर दूध आटत असतं, तो वास गावात शिरण्याआधी येतो. मी एका दुकानाच्या पायरीवर बसून पेढा घेतला. तिथं एका निवृत्त शिक्षकांनी मला ओळखलं.

"अहो, तुम्ही! ‘अध्यक्षांची आवड’!" त्यांनी दुकानदाराला हाक मारली. "अरे, यांना ओळखलंस का? ती लावणीवाली बाई! काय लिहिलं होतं हो तुम्ही. आम्ही शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. हसून हसून पोट दुखलं होतं."

दुकानदारही हसला. त्यानं ते वाचलेलंही नव्हतं.

"हसायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे..."

"मी विचारतोय, त्यात हसायला काय होतं?" माझा आवाज इतका चढला की भट्टीवरचा माणूस उलथनं हातात धरून बाहेर आला. शिक्षक बिचारे गोरेमोरे झाले. त्यांचा काय दोष? हसावं म्हणूनच तर मी ते लिहिलं होतं.

म्हणून आता इथंच सांगतो, काय झालं होतं ते.

पद्मिनबाईंचं मसाला-कांडप होतं. गावाचं नाव सांगत नाही. उन्हाळ्यात सगळ्या गल्ल्यांतल्या बायका मिरच्या, धने, खोबरं घेऊन तिथं रांगेत बसायच्या, आणि रांगेत बोलणं व्हायचं. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नाही, हे बोलणं त्या रांगेतच पेटलं. पद्मिनबाई त्या बायकांना घागरी घेऊन नगरपालिकेत घेऊन गेल्या. जागा महिलांसाठी सुटली तेव्हा बायकांनीच त्यांचा अर्ज भरला. अपक्ष. नवरा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, साधा माणूस. पोस्टरवर त्याचा फोटोही नव्हता. त्या निवडून येणार, असं पैज लावणारे म्हणत होते.

मी गेलो तेव्हा कांडप चालू होतं. खोकत खोकत प्रश्न विचारला. त्यांनी मशीन बंद केलं. पदरानं तोंड पुसलं.

"खरं सांगू का, दादा? मला ढोलकी आवडती. लावणी. मामाच्या गावाला फड यायचा. पोरीबाळींना कुठं आत सोडत्यात? म्या कनातीच्या मागं जाऊन बसायची. दिसायचं काय न्हाय. नुसतं ऐकायची." आणि मसाल्याच्या डब्यावर त्यांनी बोटं वाजवली. दोन-तीनच ठेके. पण हात असा पडला की मी बघतच राहिलो. मग त्यांनी जीभ चावली. "हे लिहू नका हां. पेपरात भजनच घाला. तुमच्या बहिणीवर एवढी मेहरबानी करा."

"नाही लिहीत," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखत वही मिटली.

मी स्वतः तरुणपणी फडात पहिल्या रांगेत बसलेला माणूस. शिट्ट्या मारल्या आहेत, रुमाल उडवला आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. वार्ताहरानं स्वतःचं सांगायचं नसतं, अशी मनाची समजूत घातली.

एस.टी.ला उशीर होता. फाट्यावर बसून मी वही परत उघडली. चाळीस भजनं लिहून हात आंबला होता. एक खरं वाक्य हाताशी आलं होतं, आणि ते सोडायला मला जिवावर आलं. दुसरं काही कारण नव्हतं. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी दबाव आणला नव्हता. वर मथळाही मीच दिला : ‘आपल्याला तर बुवा लावणीच!’ असं ती बाई बोललीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून विरोधकांची रिक्षा कांडपापुढं उभी राहिली. लावणी लावलेली, आवाज शेवटपर्यंत. सकाळी सुरू, प्रचाराची वेळ संपेपर्यंत. मिरच्या घेऊन येणाऱ्या बायकांना घरून बंदी झाली. टपरीवरचे लोक शिट्ट्या मारायचे. आणि शेवटच्या सभेत पद्मिनबाई पाण्यावर बोलायला उभ्या राहिल्या, हातात कागद, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "होऊ द्या!" आणि स्टेजवर नाणी आली. फडात नाचणारणीवर दौलतजादा करतात ना, तशी. एक, दोन, मग मूठमूठ. लोक हसत होते. मी तिथं होतो. तिसऱ्या रांगेत, वही घेऊन. पद्मिनबाईंनी वाकून समोरचं एक नाणं उचललं, काय करावं सुचेना म्हणून टेबलावर ठेवलं, आणि खाली उतरल्या. पाण्याचं भाषण राहिलंच.

मी त्याची बातमी दिली नाही. त्या दिवशी मला एकदम सभ्यता आठवली.

त्या पडल्या. निकालानंतर त्यांचा नवरा डेपोच्या कपड्यांतच आमच्या कचेरीत आला. टेबलावर पेपर आपटला. "हे कुणी घातलं?" मी म्हणालो, "ऑफिसनं घातलं. मी भजनच लिहून दिलं होतं. लावणीचं त्यांनी माझ्या वहीतून उचललं." त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी नजर हलवली नाही. तो इतका ओशाळला की त्यानं माझे हात हातात घेतले.

त्या दिवाळीला एस.टी.च्या कंडक्टरबरोबर एक पुडकं आलं. आत काळं तिखट, आणि निरोप : ‘मालक रागात काहीबाही बोलले, मनावर घेऊ नका.’ पुढची कित्येक वर्षं दर दिवाळीला ते पुडकं येत राहिलं. बायको म्हणायची, असं तिखट बाजारात मिळत नाही. मी जेवायचो. दोनदा आमटी मागून घ्यायचो.

तर भूमचे ते शिक्षक माझ्याकडं बघत होते. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही. "डोकं दुखतंय," म्हणालो. पेढा मात्र संपवला.

तुळजापूर

इथं गर्दी देवीची कोणती आणि उमेदवाराची कोणती, ते कळत नव्हतं. संबळ वाजत होता, आणि त्यावर मात करून डी.जे.

ज्यांना भेटलो ते तरणे, हसतमुख, पांढऱ्या कपड्यांतले. प्रश्न ऐकून त्यांनी मला खुर्ची दिली आणि शेजारच्या लॅपटॉपवाल्याला विचारलं, "काय सांगायचं रे?"

लॅपटॉपवाला म्हणाला, "वॉर्ड कोणता, त्यावर आहे, भाऊ."

"म्हणजे?" मी विचारलं.

"काका, एका वॉर्डात भाऊंना देवीची गाणी आवडतात, दुसऱ्यात कव्वाली, तिसऱ्यात भीमगीतं. कॉलेजपाशी रिमिक्स. सगळं ठरवून ठेवलंय."

"आणि भाऊंना स्वतःला?"

भाऊंना खरंच आठवेना. त्यांनी छताकडं बघून आठवायचा प्रयत्न केला, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो. मग म्हणाले, "काका, तुम्ही कोणत्या वॉर्डातले?"

मी उठलो. पायऱ्या उतरताना मोठ्यानं शिव्या दिल्या. एका यात्रेकरूनं लेकराचे कान झाकले. वीस वर्षांपूर्वीचे ते चाळीस जण निदान सगळ्यांना मिळून एकच खोटं सांगत होते. त्यांना लाज होती म्हणून ते खोटं बोलत होते. आता लाजही कामावर ठेवलेल्या माणसाकडं सोपवली आहे.

पण मी कोण बोलणार? एका बाईनं खरं सांगितलं तर तिचं काय केलं, हे सगळ्या जिल्ह्यानं माझ्या सदरापायी बघितलं होतं. त्यानंतर कोण शहाणा खरं सांगेल?

आणखी वळसे उरले नव्हते. सकाळी नळदुर्गकडं जाणारी गाडी धरली.

जळकोट

हमरस्त्यावर उतरून विचारत गेलो. इकडं बोलण्यात कानडी डोकावायला लागते. एका आजोबांनी रस्ता कानडीत सांगितला आणि हातवारे मराठीत केले. घर सापडलं. दारात तुळस, ओसरीवर तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, आणि शेंगा सोलत बसलेल्या पद्मिनबाई. केस पूर्ण पांढरे. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या,

"पेपरवाले दादा न्हव का? अगं रेखा, बघ कोण आलंय!"

रेखा, त्यांची लेक, बाहेर आली. ती सभा झाली तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. तिनं मला पाणी दिलं, पण हसली नाही.

"हे लई भला माणूस," पद्मिनबाई तिला सांगायला लागल्या. "ह्यांनी भजनच लिहून दिलं हुतं. ऑफिसवाल्यांनी घोटाळा केला. तुझे बाबा उगं ह्यांच्या अंगावर गेलते."

मी म्हणालो, "पद्मिनबाई, त्या वेळचंच बोलायला आलोय."

"जाऊ द्या की, दादा. तुमचा काय दोष."

"नाही, ऐका तर..."

"जेवून बोलू. भाकरी टाकती म्हणती रेखा."

जेवलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पद्मिनबाईंनी नवरा कसा गेला ते सांगितलं. कांडप विकलं ते सांगितलं. मी दौऱ्यातल्या गमती सांगितल्या. ‘बाबा, तू नेमका कोण’ ऐकून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मी मनात वाक्य जुळवत होतो. ते तयारही होतं. धाराशिवपासून तयार होतं.

रेखा ताट उचलायला वाकली तेव्हा मी विचारलं, "आई गाणी ऐकतात का अजून?"

"न्हाय," ती म्हणाली. "टीव्हीवर ढोलकी लागली तर उठून आत जाती. माझ्या लग्नात वाजंत्रीवाल्यांना आधीच सांगितलं हुतं, ढोलकी आणायची न्हाय म्हणून." मग माझ्याकडं सरळ बघून : "तुमाला कशाला पायजे? परत लिवणार हाय का?"

"रेखे!" पद्मिनबाई ओरडल्या. "पाव्हण्याला असं बोलत्यात का?"

रेखा आत गेली. आता बोलायचंच, म्हणून मी घसा साफ केला. "पद्मिनबाई, ते ऑफिसनं..."

"ऑफिसचं सोडा वो. त्यांचं त्यांना लखलाभ." त्यांनी हातातल्या शेंगा टोपल्यात टाकल्या आणि माझ्याकडं मान वळवली. डोळ्यांत तीच जुनी मिस्कील चमक, कांडपाचं मशीन बंद करतानाची. "दादा, एक इचारू? जिल्ह्याभर समद्यांना इचारत फिरलाव. तुमाला कधी कुणी इचारलं का? तुमाला कोणतं गाणं आवडतंय?"

कुणी विचारलं नव्हतं. शहात्तर वर्षांत कुणीच नाही.

समोर मसाल्याचा डबा नव्हता, पण त्यांची बोटं टोपल्याच्या काठावर होती. मी नुसतं खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं. फड, पहिली रांग, फाटा, वही. सगळं एकाच दोरीत होतं.

मी म्हणालो, "भजन."

पद्मिनबाईंनी मग टोपल्यावरचा हात काढून घेतला. "चांगलंय," म्हणाल्या. "वयाला तेच शोभतंय."

निघताना त्यांनी पुडकं दिलं. काळं तिखट. आता दुसऱ्याच्या मशीनवर कांडलेलं, म्हणून चवीला कमी असेल, असंही म्हणाल्या. मी दोन्ही हातांनी घेतलं. रेखा दारात उभी होती, ती मी वळेपर्यंत बघत होती. तिला कळलंय, असं मला वाटतं. वही असणाऱ्या माणसाचा ती भरवसा धरत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

पुडकं इथं टेबलावर आहे. अजून सोडलेलं नाही. पद्मिनबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. हे कुणी वाचून दाखवायचं तर ते रेखालाच वाचावं लागेल, आणि ती वाचेल की चुलीत घालेल ते तिनं ठरवावं. जे वाक्य मी धाराशिवहून येरमाळा, कळंब, भूम, तुळजापूर असं सगळीकडं फिरवून जळकोटच्या ओसरीपर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं, ते एवढंच होतं :

पद्मिनबाई, ते ऑफिसनं घातलं नव्हतं. मी घातलं. तुम्ही नको म्हणालात तेव्हा मी वही मिटली, आणि फाट्यावर येऊन परत उघडली. तुमच्या मालकांशीही मी खोटं बोललो. मला माफ करा.